सालवडचा भोंगा आणि उशाची घंटी

विरार मागे पडते, वैतरणेच्या खाडीवरचे पूल सरतात आणि चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटरचा पल्ला संपता संपता बोईसर येते. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला आणि या स्थानकाची गर्दी वाढतच गेली. स्थानकाच्या पश्चिमेला बाजारपेठ आहे. कापड, भांडी, सोने-चांदी, हार्डवेअर, औषधे अशा दुकानांच्या रांगा आणि कित्येक पाट्यांवर राजस्थानी व गुजराती आडनावे. बाजार संपतो न संपतो तोच कारखान्यांच्या भिंती सुरू होतात, हवेला रसायनांचा ओळखीचा वास येऊ लागतो आणि रिक्षावाला विचारतो, "सालवडला कुठे?"

प्रश्न रास्त असतो. औद्योगिक वसाहतीला नाव तारापूरचे, स्थानक बोईसरचे आणि जमीन सालवड, कुंभवली, कोलवडे अशा गावांची. मूळ तारापूर तिथून पश्चिमेला, समुद्राकाठी, आपल्या जुन्या किल्ल्यासह निवांत बसलेले आहे. सालवडमध्ये जुनी कौलारू घरे आहेत, कामगारांच्या चाळी आहेत, चार-चार मजल्यांच्या सोसायट्या आहेत, आणि पाळी सुटली की रस्ता भरून टाकणाऱ्या सायकली व दुचाक्या आहेत. बाहेरून येणाऱ्याला हे गाव तरुणांचे वाटते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली मुले इथे दिसतात, कंत्राटी कामगारांचे तांडे दिसतात. म्हातारी माणसे पटकन नजरेस पडत नाहीत, कारण ती वरच्या मजल्यावर असतात.

तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी नियमित वीज देऊ लागले. भारतातले ते पहिले. त्यानंतरच्या काळात औद्योगिक वसाहत वाढली, आणि कारखान्यांच्या मागोमाग त्यांना व त्यांच्या कामगारांना माल पुरवणारा व्यापारी आला. त्या दिवसांत पंचविशीत इथे उतरलेला फिटर, कारकून किंवा किराणा दुकानदार आज ऐंशीच्या घरात आहे. त्याने दुकान मुलाकडे सोपवले, मुलाने दुसरे दुकान मालाड-भाईंदरकडे काढले, नातू पुण्याला किंवा परदेशी गेला. सालवड-बोईसरच्या पट्ट्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, एक जोडपे किंवा त्यातले उरलेले एक माणूस राहते. गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून ते खाली येत नाही. जिल्ह्याच्या पहिल्या औद्योगिक पिढीचे हे म्हातारपण आहे, आणि त्याची तयारी कोणत्याच आराखड्यात नव्हती.

दुसऱ्या एका गोष्टीची तयारी मात्र इथे कसून असते. अणुवीज केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा परिसर आपत्कालीन नियोजनाच्या कक्षेत धरला जातो आणि सालवड त्या वर्तुळाच्या आत येते. भोंगा वाजला तर घरात जावे, दारे-खिडक्या लावाव्यात, सूचनेची वाट पाहावी, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या वर्गात मुंबई आणि उरणच्या बरोबरीने तारापूरचे नाव होते. कारखान्यांचे धोके तर रोजचेच आहेत. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवडे येथील कारखान्यात झालेल्या स्फोटात माणसे दगावली आणि त्याचा हादरा दूरच्या गावांपर्यंत पोहोचला.

भोंगा ही मोठी सोपी योजना आहे. त्याला भाषा लागत नाही, पासवर्ड लागत नाही, चष्मा लागत नाही. मात्र दोन गोष्टी तो गृहीत धरतो: ऐकणाऱ्याचे कान शाबूत आहेत आणि त्याचे पाय उठू शकतात. शिवाय त्याची हाक एकाच दिशेने जाते, व्यवस्थेकडून माणसाकडे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा पाय न्हाणीघरात घसरला, तर त्यांची हाक उलट्या दिशेने, एका माणसाकडून व्यवस्थेकडे जायची असते. त्या उलट्या हाकेसाठी जगभर जी साधने निघाली त्यांना टेलिकेअर म्हणतात. गळ्यात घालायचे बटण, पडल्याचे ओळखणारे मनगटी यंत्र, पलंगाखालची चटई, गोळीची वेळ बोलून सांगणारी डबी, पडद्यावरून डॉक्टरांची भेट, हे सारे त्यात येते. वृद्धनिवासांतून ती वापरली जातात आणि आता घरोघरीही विकली जातात. परदेशी असलेली मुले दिवाळीला येताना मिठाईऐवजी असे एखादे यंत्र आणतात, असेही होऊ लागले आहे.

ते यंत्र पुढे कुठे जाते? बहुधा कपाटात, आपल्या खोक्यासकट.

याचे कारण म्हाताऱ्यांना तंत्रज्ञान कळत नाही, असे सांगितले जाते. हे कारण सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे वहीखाते, विक्रीकर, मग व्हॅट आणि शेवटी जीएसटी सांभाळला, त्याला एक बटण कळत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. इंग्लंडातील केंब्रिज परिसरात नव्वदी ओलांडलेल्या वृद्धांचा वर्षभर मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. जे वृद्ध त्या वर्षात पडले, त्यांपैकी ३० टक्के तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिले होते. मदतीची बटणे आसपास नव्हती असे नाही, ती सर्रास उपलब्ध होती. तरीही जे दीर्घकाळ पडून राहिले त्यांपैकी बहुतेकांनी ती वापरली नाहीत. कुणाच्या हाताशी बटण नव्हते, कुणाला आपले आपण उठायचे होते, कुणाला इतरांना त्रास द्यायचा नव्हता.

हे शेवटचे कारण सालवडमध्ये कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही. "मुलगा दुकानात असेल, गिऱ्हाईक असेल समोर", "सून आत्ताच झोपली असेल", "सकाळ होऊ दे, मग सांगू" ही वाक्ये प्रत्येक व्यापारी घरात ऐकू येतात. ज्याने आयुष्यभर घरच्यांना दिले, त्याला मागणे जड जाते. बटण दाबणे म्हणजे आता आपण परावलंबी झालो याची कबुली, असे त्याला वाटते. रचनाकाराने यंत्रावरची अक्षरे कितीही मोठी केली, तरी ही अडचण अक्षरांनी सुटणारी नाही.

अक्षरांच्या, आवाजाच्या आणि बोटांच्या अडचणीही काही लहान नाहीत. वय वाढते तसे आधी उंच पट्टीचे आवाज कानातून जातात. घरातल्या पुष्कळ यंत्रांची टीं-टीं नेमकी त्याच पट्टीत असते. धूर झाल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रांचा आवाज साधारणपणे ३,१०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. झोपेत असलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला ५२० हर्ट्‌झचा खर्जातला, भरड आवाज अधिक चांगला जागा करतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या-जांभळ्या छटांतला फरक मिटत जातो, म्हणून पांढऱ्या यंत्रावर फिकट निळे बटण दुकानात सुरेख दिसले तरी आजीला ते दिसतच नाही. कोरड्या, सुरकुतलेल्या बोटांचा स्पर्श काचेच्या पडद्याला अनेकदा कळत नाही. हात थरथरला की एका स्पर्शाचे दोन होतात आणि उघडलेली खिडकी लगेच मिटते. मग माणूस म्हणतो, "मला नाही जमत हे." खरे तर काचेला ते जमलेले नसते. सालवडच्या शेजारी औषधांची मूळ द्रव्ये बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. त्याच द्रव्यांची गोळी साऱ्या देशातून फिरून चकचकीत पाकिटात घराघरांत परत येते, तेव्हा पाकिटावरचे नाव वाचायला नातवाला बोलवावे लागते. दुकानदाराने या महिन्यात दुसऱ्या कंपनीची दिली, तर गोळीचा रंग बदलतो आणि आजोबा ती बाजूला ठेवून देतात.

न्हाणीघराची दोरी हे तर एक छोटेसे शास्त्रच आहे. पुण्यातील ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहतींनंतर स्नानगृहात आणि पलंगाशी मदतीची घंटी ठेवण्याचा प्रघात आपल्याकडेही रुजू लागला आहे. पण पुष्कळ ठिकाणी ही घंटी भिंतीवर, दिव्याच्या बटणाच्या उंचीला बसवलेली आढळते. उभ्या माणसाचा हात तिथे सहज पोहोचतो. पडलेल्याचा कसा पोहोचावा? ब्रिटनमध्ये यासाठी लाल दोरी छतापासून जमिनीलगत सोडतात आणि तिला दोन कड्या लावतात. एक कडी ८० ते १०० सेंटीमीटर उंचीवर बसलेल्यासाठी असते, दुसरी जमिनीपासून १० सेंटीमीटरवर पडलेल्यासाठी. इतका विचार करून सोडलेली दोरी पुढे लादी पुसणाऱ्याला आड येते, म्हणून तो तिची गाठ मारून वर अडकवून ठेवतो. तिथल्या वृद्धांच्या आणि अपंगांच्या संघटनांना ही गाठ सोडवण्यासाठी मोहीम चालवावी लागली. सोपे साधन करताना वापरणाऱ्याइतकाच लादी पुसणाराही डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, हे फार थोड्यांना सुचते.

सालवडहून तारापूर ओलांडून चिंचणीला गेले की घराघरांत डाय कोरण्याचा धंदा दिसतो. दागिने ठोकण्यासाठी लागणारे पोलादी साचे इथले कारागीर कोरतात आणि ते मुंबईच्या बाजारात जातात. इमिटेशन दागिन्यांच्या व्यापारातल्या मंडळींना हा माल चांगला परिचयाचा आहे. साच्याचे काम उलटे असते. पत्र्यावर जे उठून दिसायचे ते पोलादात खोल जाते आणि उजवे ते डावे होते. कारागीर हातातल्या पोलादाकडे पाहत असला तरी त्याच्या मनात उठणारी छाप असते. टेलिकेअरची यंत्रे घडवणाऱ्या कित्येकांनी चिंचणीच्या एखाद्या ओटीवर आठवडाभर बसायला हरकत नाही.

आता तारापूरकडे पुन्हा पाहावे लागते, कारण हाक आणि उत्तर यांच्यातला एक महत्त्वाचा धडा अणुऊर्जेच्या जगातूनच आला आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत पेन्सिल्वेनियातील थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीत अपघात झाला. दाब कमी करण्यासाठी उघडलेली एक झडप पुन्हा बंद झालीच नाही. नियंत्रण कक्षात त्या झडपेचा दिवा मात्र विझला होता. विझलेल्या दिव्याचा अर्थ ‘बंद करण्याची आज्ञा गेली’ एवढाच होता. चालकांनी त्याचा अर्थ ‘झडप बंद झाली’ असा घेतला. त्याच वेळी शंभराहून अधिक इशारे एकाच वेळी वाजू-लुकलुकू लागले, आणि त्यांतला कोणता मोलाचा हे कळेनासे झाले. या अपघातानंतर नियंत्रण कक्ष माणसाच्या नजरेला आणि समजुतीला धरून कसे रचावेत, याचा विचार साऱ्या जगात नव्याने झाला.

हे दोन्ही दोष वृद्धनिवासात छोट्या रूपात भेटतात. आजींनी बटण दाबले, लाल दिवा लागला. आजी समजल्या, कुणी तरी येत आहे. दिवा फक्त एवढे सांगत होता की संदेश निघाला. तो कुणाला मिळाला का, मिळालेला माणूस इमारतीत आहे का, तो उठला का, यातले काहीच त्या दिव्याला माहीत नव्हते. म्हणून चांगल्या यंत्रात बटण दाबताच माणसाचा आवाज येतो, "ऐकतेय हो आजी, पाच मिनिटांत आले." त्या एका वाक्यानंतर जमिनीवरचे दहा मिनिटे थांबणेही सुसह्य होते. दुसरा दोष इशाऱ्यांच्या गर्दीचा. रात्री एका मजल्याला एकच मावशी, आणि दर कुशीबरोबर वाजणाऱ्या वीस चटया, अशी मांडणी केली तर तिसऱ्या रात्रीपासून मावशीचे कान आपोआप मिटतात. दोष तिला देतात. संख्या ठरवणारा कागदावर सही करून घरी झोपलेला असतो.

पालघर जिल्ह्यातच, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला राजोडीच्या किनाऱ्याजवळ, ‘स्नेहांजली’ हे स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठीचे निवासी केंद्र आहे. स्मृतिभ्रंशात तर टेलिकेअरचे सारे नेहमीचे आडाखे कोलमडतात. ज्याला बटण कशासाठी आहे हेच आठवत नाही, त्याच्यासाठी मोठ्या बटणाने काय साधणार? तिथे यंत्राने माणसाकडून काहीच मागू नये, हाच सोपेपणा ठरतो. उठून दाराकडे निघालेल्या पावलांची चाहूल परिचारिकेला लागावी आणि चालणाऱ्याला मात्र अपमान वाटू नये. दाराला कुलूप घालणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट.

माणसाकडून काही न मागणाऱ्या साधनाचे एक सुरेख उदाहरण जपानात आहे. झोजिरुशी या कंपनीने २००१ साली पाणी उकळण्याचे एक विजेचे भांडे बाजारात आणले. एकटे राहणारे आजोबा सकाळी उठून त्यातून चहासाठी पाणी घेतात आणि तेवढ्याने दूरच्या गावी असलेल्या मुलीला खबर पोहोचते की आज चहा झाला. आजोबांनी काहीही शिकलेले नसते, काहीही कबूल केलेले नसते. चहा झाला नाही, तर मुलगी फोन करते.

आपल्याकडे याच जातीचे एक साधन कुणी न शोधता घडले, ते म्हणजे मिस्ड कॉल. पैसे पडू नयेत म्हणून एक घंटी वाजवून ठेवून द्यायची, पलीकडच्याने ओळखायचे. बोईसरच्या बाजारात कित्येक दुकाने साडेनऊ-दहाला उघडतात. दुकान उघडताना गल्ल्यापाशी बसण्याआधी घरच्या फोनची एक घंटी यावी, ती आली नाही तर नोकराला धाडावे, ही योजना विनामूल्य आहे आणि तिच्यात वृद्धाला मदत मागावी लागत नाही. तो फक्त रोजची हजेरी लावतो, जशी त्याने चाळीस वर्षे दुकानात लावली. महागड्या यंत्रांत आता ‘सकाळी एकदा दाबा’ अशी सोय ठेवू लागले आहेत. तिचा दुसरा फायदा असा की रोज दाबलेले बटण संकटात परके वाटत नाही.

न शिकलेल्या सोयीचे उलटे उदाहरणही खिशातच आहे. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटकाळच्या हाकेची सोय असावी, असा नियम झाला. साध्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरावे, स्मार्टफोनवर चालू-बंदचे बटण पाठोपाठ तीनदा दाबावे, म्हणजे ११२ ला हाक जावी. पाचाचे बटण साध्या फोनच्या मधोमध असते, त्यावर बहुधा बारीक उंचवटा असतो आणि अंधारातही बोटाला तो सापडतो. यापेक्षा सोपी रचना कठीण. पण ही सोय आहे हे किती घरांत माहीत असेल? वाचकांनी आज रात्री जेवणाआधी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. मात्र उगाच दाबून पाहू नये, पलीकडे खरोखरीच कुणी तरी उचलते.

इथे एक गोष्ट अशी येते, जी परदेशी यंत्रात कुणी घालणार नाही आणि मुंबईच्या दुकानात कुणी विचारणार नाही. जैन घरांतील अनेक वृद्ध चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. गोळीची आठवण देणारी डबी कारखान्यातून येते तीच रात्री नऊचा गजर लावून. ती नऊला बोलते, "औषध घेण्याची वेळ झाली." आजी ऐकतात, हात जोडतात आणि गोळी सकाळवर जाते. डबीच्या नोंदीत ‘औषध चुकले’ असे उमटते आणि पुण्यातल्या मुलाला संदेश जातो. मग फोनवर वाद. वास्तविक चुकलेली कुणीच नसते. वेळ डॉक्टरांना विचारून आधीच संध्याकाळवर आणून ठेवायला हवी होती, आणि तीही घड्याळाच्या एका आकड्यावर बांधून चालणार नव्हती, कारण या किनाऱ्यावर नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सव्वासात होऊन जातात. सूर्यास्ताची रोजची वेळ पंचांगात असते. ती डबीत बसवणे ही काही मोठी विद्या नव्हे, पण ती कुणीतरी मागितली पाहिजे. ज्या गोळ्या रात्रीच घेणे भाग आहे त्यांचा निर्णय अर्थातच डॉक्टरांनी आणि त्या वृद्धाने मिळून करायचा, डबीने नव्हे.

सामायिकाचेही तसेच. अठ्ठेचाळीस मिनिटे माणूस एका जागी स्थिर बसतो, आणि पुष्कळ जण त्या वेळी सेलवर चालणारे घड्याळसुद्धा उतरवून ठेवतात. खोलीतल्या हालचालीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राला हे निश्चल बसणे संकटासारखे दिसते, आणि पडल्याचे ओळखणारे मनगटी यंत्र तर त्या वेळी टेबलावर असते. दोन्हीकडून फजिती. इथे यंत्राला समजावण्यापेक्षा सामायिकाची वेळ घरच्यांना किंवा निवासाच्या मावशीला ठाऊक असणे आणि उठताना गुडघ्यांना आधार द्यायला कुणी जवळ असणे, हे अधिक सरळ आहे. जैन वृद्धांसाठी निवास उभारू पाहणाऱ्या दानशूरांनी इमारतीच्या नकाशाबरोबर या दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात.

सरकारी व्यवस्थेत सर्वांत सोपे ठरलेले टेलिकेअर कोणते, हे पाहिले तर उत्तर मजेशीर आहे. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, घरबसल्या फोनवरून डॉक्टर भेटण्याची सोय तिच्यात आली. तिचा एक मोठा भाग असा चालतो की गावच्या आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून पडद्यावर दूरच्या डॉक्टरांशी बोलतो. रुग्णाला काहीही दाबावे लागत नाही. यंत्र हाताळणारा, दुखणे नेमक्या शब्दांत सांगणारा आणि डॉक्टर काय म्हणाले ते वारली किंवा वाडवळी वळणाच्या मराठीत समजावणारा एक माणूस मध्ये असतो. तज्ज्ञ मंडळी ज्याला सुलभ रचना म्हणतात, ती इथे खुर्ची ओढून शेजारी बसलेली आहे. वृद्धनिवासातही पडदा हाताळणारी एक शिकलेली परिचारिका दहा नव्या पडद्यांपेक्षा उपयोगी पडते.

हिशोबाची सवय असलेल्या वाचकांनी इथे खर्चाची विभागणी पाहावी. यंत्र एकदाच घ्यायचे असते. उत्तर देणारा माणूस दर महिन्याला लागतो, आणि तोही रात्री. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल, केंट आणि न्यूहॅम या तीन ठिकाणी २००८ पासून एक मोठी चाचणी झाली. तिच्या टेलिकेअरच्या भागात सुमारे २,६०० लोक होते. वर्षभरानंतर पाहिले तर घरात साधने बसवलेल्यांचे रुग्णालयात जाणे इतरांपेक्षा लक्षणीय कमी झालेले दिसले नाही. त्याच देशात फोनच्या जुन्या तांब्याच्या तारांऐवजी डिजिटल जोडण्या देताना काही वृद्धांची मदतीची साधने निकामी झाली. गंभीर प्रसंग उद्भवले, तेव्हा २०२३ च्या अखेरीस सक्तीने जोडण्या बदलणे थांबवावे लागले आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. सालवडमध्ये पावसाळ्यात वीज गेली की घरचा वायफाय जातो आणि त्याच्यावर टांगलेली सारी काळजीही जाते. यंत्र घेताना त्यात स्वतःची बॅटरी व सिमकार्ड आहे का, एवढा एक प्रश्न दुकानदाराला विचारला तरी पुष्कळ झाले.

आणि रात्रीचे काय? ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर आहे. महाराष्ट्रात तिचे काम पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनकडे सोपवले गेले. पेन्शन, कायदा, छळ, एकटेपणा यांत तिची मदत मोलाची आहे. तिची वेळ मात्र सकाळी आठ ते रात्री आठ. पहाटे तीनला लघवीला उठताना घसरलेल्या माणसासाठी १०८ ची रुग्णवाहिका आहे, ती जानेवारी २०१४ पासून राज्यभर धावते. पण रुग्णवाहिका येईपर्यंत दार उघडणारा कुणी हवा, आणि दुखापत मोठी असेल तर पुढे वापी-वलसाड, सिल्वासा की मुंबई हे ठरवणारा हवा. मुलगा मालाडला. फोन त्याने पहिल्या घंटीला उचलला तरी पहाटे त्याला बोईसर गाठायला दोन तास.

या बाबतीत सालवड इतर गावांपेक्षा सुदैवी आहे, कारण ते झोपत नाही. कारखाने तीन पाळ्यांत चालतात. पहाटे तीनला गेटवर रखवालदार असतो, नाक्यावर रात्रपाळीची वाट पाहणारा रिक्षावाला असतो, चहाची टपरी पेटलेली असते, समोरच्या चाळीत कुणी तरी नुकताच कामावरून येऊन पाय धूत असतो. बहुतेक घरांत बटणाला जोडलेल्या क्रमांकांत पहिला मुलाचा, दुसरा मुलीचा, तिसरा भाच्याचा असतो, सगळे शंभर किलोमीटरवरचे. पहिला क्रमांक खालच्या वॉचमनचा हवा, दुसरा शेजारच्या ब्लॉकचा, तिसरा दुकानातल्या त्या जुन्या नोकराचा, जो सालवडमध्येच राहतो आणि ज्याच्याकडे दाराची किल्ली द्यायला घरचे अजून कचरतात. मुलाचा क्रमांक चौथा.